दोन बहिणींची काथवट

मी एक जुनी काथवट आहे, मित्रांनो. माझ्या पोटाला पत्र्याची पट्टी मारलेली आहे आणि माझं एक टोक आता कायम रिकामं असतं. काथवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. हल्ली पीठ यंत्रं मळतात, तेव्हा तुम्ही मला पाहिलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. मी गोल नाही, पाळण्यासारखी लांबट आहे. दोघीजणी दोन टोकांना उभ्या राहून एकाच वेळी माझ्यात मळू शकतात. माझी सगळी गोष्ट त्या दोन टोकांचीच आहे.

अक्रोडाच्या एका अखंड बुंध्यातून मला कोरलं. कोरणारा सुतार नव्हता, पाव भाजणारा होता. लेकीच्या लग्नात द्यायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून थंडीभर चुलीपुढे बसून त्याने मला घडवलं. त्या लेकीला पुढे बेकरीत सगळेच 'आई' म्हणू लागले. मीही तेच म्हणते.

आईची एक रीत होती. मळून झालं की ती मला पाण्याने धूत नसे. तळाशी पिठाचा पातळ थर तसाच राहू द्यायची आणि वर फडकं टाकायची. पुढच्या खेपेला नवं पीठ आणि कोमट पाणी पडलं की तो थर जागा व्हायचा आणि सगळा गोळा फुगवायचा. तेच आमचं खमीर. तिच्या आईकडून, त्या आईच्या आईकडून चालत आलेलं, लग्नाच्या वेळी तिने माहेरच्या कणकेतून माझ्यात आणलेलं. ते कुठल्या बरणीत नव्हतं, माझ्या लाकडातच राहत होतं. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

आईला दोन मुली. पाटावर उभ्या राहून त्या माझ्यात हात घालायच्या. थोरलीचा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि धाकटी तिच्या त्याच शेंड्याला पीठ फासायची. मग दोघींची जुंपायची, पिठाचा धुरळा उडायचा, आणि आई ओरडायची, "पोरींनो, पाव मळायचाय की एकमेकींना?" ते दिवस आठवले की अजूनही माझं लाकूड ऊन लागल्यासारखं सुखावतं.

आमच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला एक चर्च होतं आणि खालच्या टोकाला दुसरं. बेकरी बरोब्बर मध्ये. दोन्हीकडे प्रभू एकच, प्रार्थनाही बहुतेक तीच. पण मूळ चर्च कोणाचं, हा विषय निघाला की गिऱ्हाइकं पाव घ्यायचा विसरून भांडत. वरचे म्हणत, "स्वर्गाच्या किल्ल्या प्रभूने थोरल्या शिष्याच्या हातात दिल्या. त्याच्या गादीला जे मानतात ते मूळ." खालचे म्हणत, "अधिकार सगळ्याच शिष्यांना होता. आम्ही श्रद्धेतलं एक अक्षर बदललं नाही. फांदी तुम्ही, खोड आम्ही." शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत आणखी काहीजण जमत. त्यांचं म्हणणं, पहिलं चर्च लोकांच्या घरातच भरायचं, तेव्हा ना घुमट होता ना गादी, म्हणून मूळ तेच. घरी खायचा पाव मात्र सगळे आमच्याकडूनच नेत.

वाद पावावरूनही होताच. प्रभूने शेवटच्या जेवणात मोडली ती भाकर बेखमीर होती, कारण सणच बेखमीर भाकरीचा होता, असं वरचे मानत. म्हणून त्यांच्या प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीवरच्या प्रसादाला, पातळ बेखमीर चकत्या लागत. ते जेवण सणाच्या आदल्या दिवशीचं, म्हणून भाकर खमिराचीच, असं खालचे मानत. आई खालच्या चर्चची. तिथल्या वेदीवरचा पाव माझ्यातच मळला जायचा.

थोरलीचं लग्न वरच्या चर्चमधल्या एका घड्याळजीशी झालं आणि ती त्यांच्यात गेली. आईने रडून घेतलं, पण लेकीला तोडलं नाही. पुढे आई वारली. वरच्या चर्चसाठी चकत्या भाजण्याचं काम थोरलीकडे आलं. बेकरी दोघींची, काथवट एकच. मग आमच्या रस्त्यावरचे सुतारकाका आले आणि त्यांनी माझ्या मधोमध खाच पाडून तीत बसेल अशी एक फळी करून दिली. एका बाजूला थोरली बेखमीर मळणार, दुसऱ्या बाजूला धाकटी खमिराचं. थोरली आपली बाजू कढत पाण्याने घासून काढायची. धाकटी आपल्या बाजूला पाण्याचा थेंब उडू द्यायची नाही. तरीही दोघींच्या गप्पा फळीवरून चालायच्या. मला वाटलं, निभेल असं.

पण खमिराला फळी कुठे कळते? एका रविवारी वरच्या चर्चमध्ये एक चकती पोटातून फुगलेली निघाली. पहिल्या बाकावरून कोणीतरी बोललंच, "मूळची खालची ना ती! खालच्यांचं खमीर आपल्या वेदीवर आलं." थोरली लग्न करून त्यांच्यात आलेली. तिला आपण त्यांच्यातल्याच आहोत हे रोज नव्याने पटवून द्यावं लागे. ते वाक्य तिच्या फार जिव्हारी लागलं.

धाकटी एका बाळाच्या बाप्तिस्म्याला गेली होती, तेव्हा थोरलीने सुतारकाकांना बोलावलं. "माझी बाजू तेवढी तासून द्या, काका. आत काही मुरलेलं राहायला नको." काकांनी फळी काढून बाजूला ठेवली आणि रंधा चालवायला सुरुवात केली. हात बसलेला माणूस. फळीची खाच आली, तरी त्यांचा हात थांबला नाही. थोरलीने ते पाहिलं. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणेल. तिने तोंड मिटून घेतलं आणि रंधा पलीकडच्या टोकापर्यंत सरसरत गेला. मी ओरडू शकत नाही मित्रांनो, नाहीतर त्या दिवशी अख्खा रस्ता गोळा झाला असता.

धाकटी परतली तेव्हा जमिनीवर आंबूस वासाच्या ढलप्यांचा ढीग होता. तिने एक ढलपी उचलून नाकाशी धरली.

"ताई, हे काय केलंस? आई होती गं यात."

चुकले, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण थोरलीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "बरंच झालं. मुळात भाकर बेखमीरच होती. तुम्हीच नंतर आंबवलीत."

"आम्ही? आणि तू कोण मग?"

शब्दाने शब्द वाढला आणि दोन हजार वर्षांचं भांडण त्या चार भिंतींत घुसलं. शेवटी धाकटीने अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावला आणि ती निघून गेली. तिने पुन्हा पाव केला नाही. खालच्या चर्चला पाव दुसरीकडून येऊ लागला. धाकटी रस्त्याच्या खालच्या टोकाला एका खोलीत राहून लोकांचे कपडे शिवू लागली. दोघी समोरासमोर आल्या तर एक फूटपाथ बदलायची.

थोरलीच्या चकत्या आता कागदासारख्या सपाट निघत. तिचं कौतुक झालं, पहिल्या बाकावर जागाही मिळाली. मग काही वर्षांनी तयार चकत्या खोक्यांतून येऊ लागल्या आणि तिचं काम संपलं. बेकरी बंद पडली. तासल्यामुळे मी पातळ झाले होते, एका उन्हाळ्यात पोटातून तडकले. मला परसातल्या शेडमध्ये टाकलं आणि माझ्यात कोळसा भरला. ज्या पोटात आईचे हात फिरले, त्यात कोळसा! अंधारात पडून मी दोन्हीकडच्या घंटा ऐकायचे. आधी कोण वाजवतं, यावरही त्यांची चुरस होती.

एका सकाळी शेडचं दार उघडलं. थोरली दारात उभी होती, पांढऱ्या केसांची, घड्याळजी गेल्यापासून एकटी. मागे सुतारकाका, तेही पार वाकलेले. ते सांगत होते, "धाकटी अंथरुणाला खिळलीय. अन्नाला तोंड लावत नाही. पोरी, अजून किती दिवस अढी धरून बसणार आहेस?"

थोरलीने कोळसा ओतून टाकला आणि मला पुसलं. काकांनी तड्यावर पत्र्याची पट्टी ठोकली. पुसताना काठाखालच्या कोपऱ्यात तिच्या नखाला काहीतरी कडक लागलं. रंधा तिथवर पोचला नव्हता. वाळलेल्या पिठाची एक खपली होती ती. तिने ती कोमट पाण्यात भिजवली, पीठ घातलं, फडकं टाकलं आणि तान्ह्या बाळाला उशाशी घेऊन झोपावं तसं मला पलंगाजवळ ठेवलं. दोन दिवस काहीच झालं नाही. मग पीठ फुगलं आणि फडकं हळूच वर उचललं गेलं. ती किती रडली म्हणून सांगू!

काकांनी मला हातगाडीवर घालून धाकटीच्या खोलीवर नेलं. थोरलीने धाकटीच्याच चुलीवर पाव भाजला आणि ताटली म्हणून ती जुनी फळी घेतली. धाकटीने एक घास तोंडात घोळवला.

"आईचं नाही हे, ताई."

"नाही?" थोरली खाली बसली. "मग कोपऱ्यातलंही मेलेलं होतं तर. हे नवंच खमीर धरलंय. मी तेव्हा काकांना थांबवलं नाही गं. बघत उभी राहिले."

"ठाऊक आहे. काकांनी तेव्हाच सांगितलं होतं मला." धाकटीने ओठांवरून जीभ फिरवली. "मीठ नेहमीसारखं जास्त घातलंयस."

"टाकून देऊ?"

"टाकतेस काय? दे अजून एक घास."

संध्याकाळी धाकटीने मला पलंगावर घ्यायला लावलं आणि आपल्या टोकाला दोन्ही हात ठेवले. मळण्याची ताकद नव्हती, नुसतेच ठेवले. पलीकडच्या टोकाला थोरली मळत होती. मध्ये फळी नव्हती. पुढचा पाव भाजायच्या आधीच धाकटी गेली.

तिच्या नावाने वेदीवर ठेवायला थोरलीने पाव नेला. खालचे फादर भला माणूस. त्यांनी हात जोडले. "बाई, तुमचं मन मला कळतं. पण तुम्ही आमच्यातल्या नाही. हा पाव मला वेदीवर घेता येत नाही." ती परत आली आणि तिने पाव माझ्यात ठेवला. तो तिथेच कडक झाला. मग तिने तो भिजवून पुढच्या पिठात मळून टाकला.

अजून ती दर आठवड्याला मळते, आपल्याच टोकाला. दुसऱ्या टोकाला पीठ लागू देत नाही.

मित्रांनो, मूळ चर्च कोणतं, हे मला विचारू नका. ते सांगणारे रस्त्याच्या दोन्ही टोकांना बसलेले आहेत. मी लाकूड आहे, लाकडापुरतं सांगते. घरात माझ्यासारखं जुनं भांडं असेल तर ते ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, पण शुद्ध करायच्या हट्टापायी तासू नका. तासलेलं पुन्हा येत नाही. आणि तुमच्या डोळ्यांदेखत रंधा खाच ओलांडून दुसऱ्याच्या बाजूला जाऊ लागला, तर वेळेवर तोंड उघडा. थोरलीला फक्त 'थांबा' म्हणायचं होतं. हल्ली मळता मळता ती मध्येच हात थांबवते आणि रिकाम्या टोकाकडे बघून तेवढंच म्हणते.