मागच्या सीटवर तीनच

आमचे हे, म्हणजे भागवतराव, कुणालाही नाही म्हणू शकत नाहीत. रस्त्यावर कुणी हात केला की यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. गाडी पाच जणांची आणि घरात माणसंही पाच: हे, सासूबाई पार्वतीबाई, मुलगा हरिओम, मुलगी निकिता आणि मी. हात करणारा सहावा. त्याला मानानं पुढची सीट, मग हरिओम मागे येणार आणि मी टोकावर सरकणार, मांडीवर त्या पाहुण्याची पिशवी घेऊन. गाडी घेतल्याला अठरा वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मी लोकांची वांगी, पिठाचे डबे आणि एकदा पाय बांधलेली कोंबडीसुद्धा आमच्या ताडकळसपर्यंत आणली आहे. सरकताना मी हसायचे आणि आतून जळायचे.

गेल्या महिन्यात गाडीसमोर म्हैस आडवी आली. ब्रेक लागला आणि सासूबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. लिंबाएवढं टेंगूळ आलं. मागे सीटबेल्टचे पट्टे होते, पण नुसते कमरेचे, तेही सीटखाली दडपलेले. एकाची कडी पार गंजलेली. मी हट्टच धरला, नवे चांगले पट्टे बसवायचे. आईचं टेंगूळ बघून हेही तयार झाले. सासूबाईंची काळजी मला होतीच, पण माझ्या मनात आणखी एक होतं. पट्टे तीन म्हणजे माणसं तीन. माझी जागा माझी.

परभणीत लिंबाजी मिस्त्रीनं मागची सीट बाहेर काढली. खालून भुईमुगाची टरफलं निघाली आणि निकिताचं लहानपणी हरवलेलं एक पैंजणही.

ह्यांना घाई. म्हणाले, "भोक पाड अन् बसव की पटकन."

"नुसत्या पत्र्यात बसवलेला पट्टा झटक्यासरशी उपटून येतो, भाऊ," लिंबाजी म्हणाला. त्यानं आतलं आवरण खोललं, तर कंपनीनं ठेवलेल्या नटांच्या जागा प्लास्टिकच्या बुचांखाली तयारच होत्या. दोन्ही कडांना खांद्यावरून येणारे पट्टे लागले, मधल्या जागेला कमरेचा नवा. हळू ओढला की पट्टा यायचा, झटका दिला की जागीच अडकायचा. ह्यांनी लहान पोरासारखे दहा झटके देऊन बघितले.

"चौथं माणूस घुसवू नका बरं का," लिंबाजीनं बजावलं.

"न्हाई न्हाई," हे म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून रस्त्यावर कधीच निघत नाही, त्यामुळे मी काही फार आशा धरली नाही.

पुढच्या रविवारी चारठाण्याला माझ्या भावाची वास्तुशांत होती. मी ठेवणीतली जांभळी साडी इस्त्री करून नेसले. निकितानं आजीला पट्टा लावला, तशा सासूबाई कडाडल्या, "मला काय दावणीला बांधायलीस का गं?" परभणी सुटायच्या आत त्या पट्ट्यावर मान टेकून घोरत होत्या. मधे निकिता, खिडकीशी मी.

बोरीजवळ रस्त्याच्या कडेला एक हात वर झाला. आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन व्यंकटराव, पायाशी भलीमोठी पिशवी. गाडीचा वेग उतरला. मी कुणी सांगायची वाट बघितली नाही, खट्कन पट्टा सोडला आणि निकिताकडे सरकायला लागले. अठरा वर्षांची सवय, दुसरं काय.

गाडी थांबली. "बरं झालं भागवतराव! जिंतूरपर्यंत येतो," व्यंकटरावांनी पुढचं दार उघडलंसुद्धा. हरिओम उतरायला लागला.

ह्यांनी आरशातून मागे बघितलं. सुटलेला माझा पट्टा बघितला आणि मांडीवर पिशवीसाठी आधीच मोकळी केलेली जागाही.

"बस तू, हरिओम," ते म्हणाले. "जागा न्हाई, चेअरमनसाहेब."

"अरे, पोरगं जाईल की मागं. वैनी जराशा सरकतील."

"वैनी लय वर्षं सरकल्या." ह्यांचे कान लाल झाले होते. "आता न्हाई सरकणार. मागून बस यायलीय, तिनं या."

व्यंकटराव हसले, पण दार जरा जोरातच लावलं. गाडी सुटली. हे समोर बघूनच म्हणाले, "पट्टा लाव ना."

मी लावला. डोळे भरून आले होते, म्हणून जिंतूर येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिले.

चारठाण्याला भावजय दारातच होती. मला खाली-वर न्याहाळून म्हणाली, "वन्सं, साडी इथं येऊन नेसलात का? एक सुरकुती न्हाई."

"नाही गं," मी म्हणाले. "घरूनच नेसून आले."