विषय: पवनचक्कीच्या मोटारीचा आवाज

पहिला कागद

प्रति,
मा. सरपंच, ग्रामपंचायत

महोदय,
पंचनाम्यावर सही करताना मी "मोटारीतील दोष दूर केल्याने" हे चार शब्द का खोडले, असं आपण पत्राने विचारलं आहे. सोमवारपर्यंत लेखी खुलासा आला नाही तर विहाराच्या अंगणातली पवनचक्की उतरवली जाईल, असंही त्यात आहे. तरी खुलासा करते की त्या मोटारीत दोष असता तर मी स्वतःच

(पेन कागदातून आरपार गेलं.)

दुसरा कागद

महोदय,
मी प्रज्ञा रत्नपाल तांबे. रेवदंड्याला एका दुकानात मोटारी भरते. म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळते. पंपाच्या, मिक्सरच्या, पंख्यांच्या. सात वर्षं झाली. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण आपल्या विहिरीवरचा पंप मीच दोनदा भरला.

(आई म्हणाली, ही ओळ काढ, सरपंचाला असलं आठवून दिलेलं आवडत न्हाय. काढत नाही.)

पवनचक्की का बांधली तेही आपल्याला ठाऊक आहे. निसर्ग वादळानंतर गावात वीज आली, रस्त्याखालच्या रिसॉर्टमध्ये आली, आणि आमच्या वस्तीची तार आणखी पाच आठवडे जमिनीवर पडून होती. लहान मुलं तिच्यावरून उड्या मारायची. अजूनही वाऱ्याने जोर धरला की पहिली आमचीच लाइन जाते. विहारातल्या अभ्यासिकेत अकरा जण परीक्षांची तयारी करतात, दहावीपासून तलाठी भरतीपर्यंत. त्यांच्यासाठी मी भंगारातून ट्रेडमिलची मोटार घेतली. मांडव्याकडच्या एखाद्या बंगल्यातली असावी. कोणी तिच्या पट्ट्यावर चार दिवस धावलं असेल आणि कंटाळलं असेल. पाती प्लास्टिकच्या पाइपाची केली, शेपटी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की बॅटरी भरते. संध्याकाळी वीज गेली तरी चार बल्ब चालतात.

फक्त खांब माझा नव्हता.

खांब दयारामशेटनी दिला. ते आपल्या पंचायतीचे सदस्य आणि त्या खालच्या रिसॉर्टचे मालक. खांब लोखंडी, वीस फुटी, आतून पोकळ. त्याच्याबरोबर पाटी आली, डोक्याच्या उंचीवर बसवायला. तीन फूट बाय दोन फूट पत्रा, निळ्यावर पिवळी अक्षरं. "सौजन्य", खाली शेटचं नाव, त्याखाली दोन्ही मुलांची नावं. फीत कापली, फोटो काढले. फोटोत पाटी आहे, शेट आहेत, आपण आहात. पवनचक्की चौकटीच्या वर राहून गेली. मीही बाहेरच राहिले.

महिन्याभरात आवाज सुरू झाला.

घर्र.

वारा वाढला की घर्रर्रर्र.

खाली रिसॉर्टमधल्या पाहुण्यांची झोप मोडते, अशी शेटनी तक्रार केली. दर शनिवारी तिथे साडेअकरापर्यंत स्पीकर लावून नाचतात तेच हे पाहुणे. त्याबद्दल आम्ही कधी अर्ज दिला नाही, ही चूक कबूल करते. आपली नोटीस आली: पंधरा दिवसांत मोटार दुरुस्त करावी, अन्यथा उतरवावी.

मोटार. नोटिशीत मोटार लिहिलं होतं, आणि मी, मोटारीवर पोट असलेली बाई, त्यावर विश्वास ठेवून

(आई वाचत होती. म्हणाली, तू खुलासा लिहितेस का भांडतेस? मी म्हटलं, दोन्हीला एकच कागद लागतो.)

तिसरा कागद

मोटार उतरवली. खाऱ्या हवेने बेअरिंग गेलं असेल म्हणून दोन्ही बदलली. चढवली. घर्र.
उतरवली. कार्बन ब्रश घासून बसवले, ग्रीस बदललं. चढवली. घर्र.
उतरवली. नवी बेअरिंग नकली निघाली असतील म्हणून अलिबागला जाऊन चांगल्या कंपनीची आणली. चढवली.

पुढचं लिहीत नाही. आपल्याला ऐकू येत होतंच.

अकराव्या दिवशी मोटार विहाराच्या फरशीवर ठेवून ड्रिल मशीनने फिरवली. एक आवाज नाही. कुशीत घेऊन झोपावं इतकी गप्प. तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. पुन्हा वर चढवली, लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक लोखंडाला लावलं आणि मूठ कानाला. दुकानात आम्ही असंच ऐकतो. वर मोटारीपाशी जेमतेम गुणगुण. शिडीच्या दोन पायऱ्या उतरले, आवाज वाढला. आणखी उतरले, आणखी. पाटीपाशी आले तर कवटी हादरली.

पाटीवर तळहात ठेवला. थांबला.
उचलला. घर्र.
ठेवला. थांबला.

फिरत्या मोटारीची बारीक थरथर पोकळ खांबातून उतरत होती आणि तो पत्रा तिचा नगारा करत होता. चारपैकी दोन बोल्टना नटच नव्हते.

महोदय, मला शेटचा राग त्या दिवशी आला नाही. माझा आला. मी स्वतः केलेली वस्तू चार वेळा उघडली आणि पाटीला एकदाही बोट लावलं नाही. आपलं ते सदोष, दिलेलं ते निर्दोष. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तरी येत होतं.

नट लावले, तरी वारा वाढला की पत्रा वाजत होता. म्हणून मागे रबराच्या चार चकत्या बसवल्या. आवाज बंद. दुपारभर वारा होता आणि फक्त पात्यांची सळसळ होती. नोटिशीचे चार दिवस उरले होते.

दोन दिवसांनी पंचायतीचे शिपाई बुधाजीकाका दुसरी नोटीस घेऊन आले. चकत्या कशाच्या आहेत ते कोणीतरी पाटीमागे मान वाकवून पाहिलं होतं. त्या आईच्या जुन्या स्लिपरच्या होत्या. नोटिशीत लिहिलं होतं: दानशूर व्यक्तीच्या नावामागे चप्पल लावून हेतुपुरस्सर अवमान.

महोदय, या पूर्ण तालुक्यात ज्याच्या घरी काही वाजतं तो मागे स्लिपरचा तुकडा लावतो. आपल्या पंपाखाली मी काय लावलं आहे, वाकून बघा.

(हा कागद आईने घडी करून डब्यात ठेवला. म्हणाली, हा देऊ नको, पण फाडूही नको.)

चौथा कागद

गुरुवारी दुपारी आपण, दयारामशेट आणि बुधाजीकाका विहारात आलात. तिथे काय झालं ते आपण पाहिलं आहे, तरी लिहिते, कारण पंचनाम्यात ते नाही.

शेटनी चकत्या काढायला सांगितलं. मी काढल्या. वारा चांगला होता.

घर्र.

शेट आपल्याकडे वळून म्हणाले की बघा, मोटार अजून तशीच आहे. मी म्हणाले, "शेट, तुमच्या नावावर हात ठेवा."

त्यांना वाटलं मी शपथ घ्यायला लावतेय. आधी रागावले, मग ठेवला. आवाज थांबला. त्यांनी हाताकडे पाहिलं, उचलला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा ठेवल्यावर उचलायची पंचाईत झाली, कारण उचलला की सगळ्या वस्तीला ऐकू जात होतं.

माझी आई, पुतळाबाई, पायरीवर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसाच, शेट. पोरांच्या परीक्षा मार्चपर्यंत हायेत."

शेटनी बुधाजीकाकांना पाटी धरायला लावलं. काकांनी धरली. मग काका पत्र्यावरचा हात न काढता म्हणाले, "साहेब, माझी ड्युटी सहाला सुटते."

माझ्या पेटीतला पाना शेटनीच काकांच्या हातात दिला. पाटी निघाली. शेटनी पाटी, अक्षरं आतल्या बाजूला करून, गाडीत ठेवली आणि निघून गेले. आवाज नव्हता. मी चकत्याही आईला परत दिल्या.

मग आपण पंचनामा लिहिलात: प्रज्ञा तांबे यांनी मोटारीतील दोष दूर केल्याने आवाज बंद झाला.

मी चार शब्द खोडले आणि सही केली. आपण समजुतीने म्हणालात की हा कागद कोण वाचतंय, शेटचा मान राहतो, तुझी चक्की राहते, चार शब्दांनी तुझं काय बिघडतं.

महोदय, सांगते. दुकानात गिऱ्हाईक विचारतं, ही कोणी भरली? मालक माझ्याकडे बोट दाखवतात. गिऱ्हाईक म्हणतं, एकदा तुम्ही स्वतः बघून घ्या. मालक बघतात, काही सापडत नाही, गिऱ्हाईक माझ्याकडे न बघता जातं. सात वर्षं. आता माझ्या मोटारीत दोष होता असं पंचायतीचा शिक्का मारलेला कागद सांगणार. पुढच्या वेळी वस्तीत कुठेही काही वाजलं तर तोच कागद निघेल. शेटचा मान पाटीवर होता, ती ते घेऊन गेले. माझा

(इथे थांबले. हे सगळं त्यांना अजून कळायचं होतं असं नव्हतं. कळलेलंच होतं.)

पाचवा कागद

महोदय,
मोटारीत दोष नव्हता. म्हणून खोडले.
प्रज्ञा रत्नपाल तांबे

पोच

सोमवारी दुकानाला सुट्टी सांगून पंचायतीत गेले. सरपंचांनी कागद उलटून पाहिला, मागे काहीच नव्हतं. एवढाच का, म्हणाले. ठेव तिथे.

मी पोच मागितली. पोच नसेल तर खुलासा आलाच नाही असं उद्या म्हणता येतं, हे आम्हाला आमच्या वडिलांपासून माहीत आहे. सरपंच म्हणाले, शिक्का कपाटात आहे, चावी ग्रामसेवकाकडे आहे, ग्रामसेवक अलिबागला आहेत. मी बाकावर बसले. सव्वा तास. येणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, काय गं, कशाला बसलीस, आणि प्रत्येकाला मी पूर्ण सांगितलं, मोटारीपासून पाटीपर्यंत, सरपंचांसमोर. चौथ्याला सांगत होते तेव्हा बुधाजीकाकांना चावी टेबलाच्या खणात सापडली.

शिक्का बसला, तारीख पडली. सरपंच म्हणाले, विषय मासिक सभेत ठेवू, तोवर चक्की राहील. मी माझी प्रत पर्समध्ये घातली.

त्यांच्या डोक्यावरचा पंखा मघापासून करकरत होता. त्यांनी वर बघितलं. आवाज घरच्यासारखा मऊ करून म्हणाले, "प्रज्ञा, हा का गं असा वाजतो?"

बेअरिंग गेलं होतं. दारातूनच कळलं होतं.

"लेखी विचारा," मी म्हणाले.