कानपूरचा मिक्सर

त्या मे महिन्यात मी एकच मिक्सर तीनशे बारा वेळा जळालेला पाहिला. कानपूरच्या कुठल्याशा दुकानातून पंधरा ऑगस्टला घेतलेला, आणि 'आपला मिक्सर पहिल्याच दिवशी जळाला' अशी तक्रार दहा ऑगस्टला लिहिलेली. म्हणजे घ्यायच्या पाच दिवस आधीच बोंब! तीनशे बारा पोरांनी परीक्षेतल्या तक्रारपत्रात हेच लिहिलं. तारखा जरा पाहाव्यात असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि मी प्रत्येकाला दहापैकी आठ दिले, कारण परीक्षकांना वाटलेल्या नमुना उत्तरात हाच मिक्सर होता, याच तारखांसकट.

मी पौर्णिमा गावंडे, अकोल्याची. अमरावतीला हायवेच्या कडेला उत्कर्षधाम विद्यापीठ आहे, तिथे कम्युनिकेशन स्किल्स शिकवते. आधी ते साधं कॉलेज होतं, मग स्वायत्त झालं, आता विद्यापीठ आहे. बिल्डिंग तीच, संडासातले कोरडे नळ तेच, बोर्ड तेवढा नवा. बोर्डावर लिहिलंय, 'बिझनेस, इंजिनीअरिंग, कम्युनिकेशन : यशाच्या तिन्ही वाटा एकाच छताखाली.' छत गळतं, ते लिहिलेलं नाही.

बिझनेसच्या पोरांना इथे वाटाघाटी शिकवतात. गेल्या वर्षी शेंदूरजनाघाटचा नितेश त्या विषयात नापास झाला. हा पठ्ठ्या मागच्या बाकावर तोंडाशी हात धरून बापाच्या संत्र्याच्या बागेचा सौदा फोनवर करत होता, आणि दिल्लीच्या व्यापाऱ्याला त्यानं अर्ध्या तासात पाणी पाजलं. त्याला नापास करणाऱ्या सरांना स्टेशनवरचा ऑटोवाला रोज लुबाडतो. इलेक्ट्रिकलचे विभागप्रमुख डॉक्टरेट आहेत. केबिनमधला कुलर बंद पडला की शिपायाला हाक मारतात आणि तो येईपर्यंत फाइलीनं वारा घेत बसतात. माझा विषय या सगळ्यांच्या पोरांना सक्तीचा. हात कसा मिळवावा, स्वतःची ओळख कशी करून द्यावी, समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून कसं बोलावं, हे मी एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. दर जुलैला नेमणुकीची नवी ऑर्डर हातात पडते. ती पडेपर्यंत मी स्वतः कुणाच्या डोळ्यात डोळे घालत नाही.

आता सांगायचंच तर सगळं सांगते. तो मिक्सर माझा आहे. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका गाईडवाल्यासाठी मी आठ दिवसांत पन्नास पत्रं लिहून दिली होती. तारखांचा घोळ माझाच. गाईडवर माझं नाव नाही, 'अनुभवी प्राध्यापक' असं छापलंय. पुढे कुणीतरी ते पत्र उचलून नमुना उत्तरात घातलं आणि चूक सरकारी झाली. सांगायला हवं होतं मी. सांगितलं असतं तर गाईड कुणी लिहिलं तेही निघालं असतं. बसले मूग गिळून.

तर तपासणी चालू होती. परीक्षा विभागाच्या हॉलमध्ये आम्ही वीसेक परीक्षक, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत दोन कुलर, त्यातला एक नुसता आवाज करणारा. उत्तरपत्रिकेवर कोडचं स्टिकर असतं, पोराचं नाव कुठेच नसतं. नियमच आहे. पत्राखालीसुद्धा एक्स वाय झेड लिहायचं. कुणी नाव, गाव, फोन लिहिला तर तो गैरप्रकार धरतात, निकाल राखून ठेवतात आणि समिती बसवतात. मे महिन्यातल्या पेपरांची समिती दिवाळीच्या आसपास बसते.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक पेपर हातात आला. मिक्सर नव्हता. इंग्रजी मोडकं होतं, मी आपल्या भाषेत सांगते.

'प्रति, परीक्षा नियंत्रक. विषय : मला तीन वेळा नापास का केले. महोदय, मी दीक्षा देवमन वानखडे, राहणार चांदूर रेल्वे, इलेक्ट्रिकल शेवटचे वर्ष. माझे सगळे पेपर निघाले, हा एकच राहिला. पहिल्या वेळी मी होस्टेलच्या पाण्याच्या टाकीत मेलेले कबूतर निघाले त्याची तक्रार लिहिली. तीन मार्क मिळाले. नंतर दोनदा दुसऱ्या खऱ्या तक्रारी लिहिल्या, तेव्हाही तेच. माझ्या मैत्रिणीने मिक्सरची लिहिली, तिला आठ मिळाले. आमच्या घरी मिक्सर आहे, तो चांगला चालतो. बिघडला तर मी दुरुस्त करू शकते, कारण मी तेच शिकले आहे. मग खोटी तक्रार का करू? मला बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी लागली आहे. एक जुलैला मार्कशीट दाखवायची आहे, नाही तर दुसऱ्याला घेणार आहेत. माझी चूक काय ते कळवावे.' खाली सही, पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर.

मी पेन खाली ठेवलं. कबूतर मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी तो पेपर माझ्याकडेच आला होता. मी तो उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवला होता, 'ऐका, ऐका, टाकीत कबूतर!' सगळे पोट धरून हसले होते. आणि तीन मार्क मीच दिले होते, नमुन्यात कबूतर नव्हतं म्हणून.

लाज वाटली. खूप लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग. बाकीची उत्तरं पाहिली. गाईडचा एक शब्द नव्हता. बेरीज काठावर होती. पत्राला सात दिले तरी पोरगी निघत होती. आठ दिले असते तर कुणी पान उघडूनही पाहिलं नसतं. आठच्या वर गेलं की मात्र पेपर हेडकडे फेरतपासणीला जातो. मला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. एकोणीस वर्षं मी आठच देतेय ते काय उगाच?

मी दहा दिले. लाल पेनानं, भोवती गोल काढून.

तेव्हा वाटलं होतं पोरीसाठी देतेय. कशाचं पोरीसाठी! हॉलमधल्या त्या वीस मठ्ठांच्या नाकावर टिच्चून एकदा काहीतरी करायचं होतं मला, आणि हेडचं तोंड पाहायचं होतं. पोरीला आठ पुरत होते. दहा मला हवे होते.

हेड म्हणजे उत्तमराव सर. बिझनेस कम्युनिकेशनचे डॉक्टर. त्यांच्या ईमेलला मी दोनदा दुसऱ्या मेलनं विचारलंय की आपल्याला नक्की काय म्हणायचंय. संध्याकाळी साडेचारला त्यांनी बोलावलं.

"बसा मॅडम. दहापैकी दहा? मले जिंदगीत कधी नाही भेटले." पान उलटलं आणि त्यांचा चष्मा खाली आला. "अन् हे काय? पोरीनं तं नाव लिहून ठेवलं! गाव बी! फोन बी!"

"पत्र आहे सर," मी म्हटलं. "पत्राखाली नाव असतं."

"असते ना. पन इथं नसते." त्यांनी खणातून दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. "आता असं आहे, मॅडम. तुमच्या नजरेतून सुटलं असन, तं हा गैरप्रकाराचा अहवाल भरा, विषय संपला. अन् दिसलं होतं, तरी मार्क देल्ले असन, तं हा दुसरा कागद. खुलासा. त्याच्यावर तुमचं पुरं नाव लागते, अन् तो वरपर्यंत जाते."

"सर, तिची नोकरी आहे. एक जुलै. तुम्ही वाचा तरी ते पत्र."

"वाचलं नं. मले का समजत नाही? चांगली पोरगी आहे." खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला त्यांनी. हा विषय ते बारा वर्षं शिकवतायत, चेहरे येतात त्यांना. "पन आपल्या नव्या ऑर्डरी बी जुलैतच निंगतात. मी तुमाले काही सांगून नाही राहिलो, बरं का. नुसती आठवन देऊन राहिलो."

मी खुलाशाचा कागद जवळ ओढला. पेन उघडलं. 'मी, खाली सही करणार' एवढं छापलेलंच होतं, पुढे रेघ होती. त्या रेघेवर नाव घालायचं, बस. पहिल्या वर्गात पहिल्या दिवशी मी पोरांना हेच करायला लावते. उभं राहा, छाती पुढे, आवाज मोकळा, आपलं नाव सांगा. चांदूर रेल्वेच्या पोरीनं ते नियम मोडून केलं होतं. मला नियमाप्रमाणेच करायचं होतं.

कुलर घरघरत होता. मला मुलाची फी आठवली, घराचं भाडं आठवलं, आणि आपलं वय सत्तेचाळीस आहे हेही आठवलं. कारणं काय, बोलावली की रांगेत येतात.

"नजरेतून सुटलं, सर," मी म्हटलं.

"होते असं," सर खुश होऊन म्हणाले. "ऊन किती आहे. च्या सांगू?"

मी चहासुद्धा प्यायले. अहवालाखाली नाव लागत नाही. 'परीक्षक क्रमांक सतरा' लिहिलं की भागतं. दहाला आडवी रेघ मारली, दीक्षाचा पेपर लाखेच्या पाकिटात गेला आणि पाकीट शिपाई घेऊन गेला. पाच मिनिटांचं काम. तिचा मोबाईल नंबर मात्र माझ्या डोक्यात राहिला होता.

बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली, खिडकीजवळ बसले, समोरच्या बाईला अकोल्याला उतरायचंय म्हणून सांगितलं आणि फोन लावला. का लावला, देव जाणे. निदान पोरीला आधी कळावं, तिनं कारखान्याला विनंती करावी, असं काहीतरी मनाशी म्हणत होते. मनाला काय, काहीही सांगता येतं.

"हॅलो, दीक्षा वानखडे का?"

"हो, मीच. कोन बोलून राहिल्या?"

"तुझा कम्युनिकेशनचा पेपर माझ्याकडे आला होता."

पलीकडे कुणाला तरी "बाबा, थांबा जरा" म्हटल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मायं पत्र वाचलं तुमी?"

"वाचलं."

"पुरं?"

"पुरं वाचलं."

"मले वाटलंच होतं, कोनी तं वाचंन," ती म्हणाली, आणि हसली हो ती! "मंग निंगाली ना मी?"

मी घसा साफ केला. तोच आवाज लावला जो वर्गात लावते, पुणेरी, घोटून घोटून केलेला. "हे बघ बाळा, उत्तरपत्रिकेत नाव लिहायचं नसतं. खाली एक्स वाय झेड लिहायचं असतं. तू नाव लिहिलंस, म्हणून निकाल राखून ठेवलाय. समिती बसेल. दिवाळीपर्यंत."

समोरची बाई पोराला काकडी चिरून देत होती.

"एक्स वाय झेडची तक्रार कोन घेईन, मॅडम?" दीक्षा म्हणाली. रडत नव्हती. खरंच विचारत होती. "बरं, मी समितीकडे येतो. उद्याच येतो, बाबाले घेऊन. तुमी सांगान ना त्याईले, पत्र वाचलं म्हनून? मी तुमचं नाव सांगतो तिथं. नाव काय तुमचं?"

एवढं सोपं होतं. पौर्णिमा गावंडे. सहा अक्षरं.

मी फोन कापला.

लगेच तिचा फोन आला, उचलला नाही. पुन्हा आला, उचलला नाही. मग मेसेज आला. 'नाव नका सांगू मॅडम. फक्त एवढं सांगा, माझं पत्र बरोबर होतं का.'

मी टाइप केलं, 'दहापैकी दहा.' आणि पाठवलं. एवढं तरी खरं सांगितलं, असं वाटून जरा बरंसुद्धा वाटलं मला. किती निर्लज्ज असावं माणसानं!

तिचं उत्तर दोन मिनिटांनी आलं.

'मग फेल कावून?'

मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. अकोला आलं तरी मी तो मेसेज उघडा धरून बसले होते, आणि ती काकडीवाली बाई मला सांगत होती, "उतरा बाई, तुमचं स्टेशन आलं."