मऊ आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर

वाल्वचा जुना अ‍ॅम्प्लिफायर जळाला तेव्हा शिंप्याची बायको घरात नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती बहिणीकडे गेली होती. शिंपी एकटाच कॅसेट लावून काजं करत बसला होता, तेवढ्यात खोक्यातून धूर निघाला. तसले वाल्व आता कुठे मिळायचे? मिळाले तर सोन्याच्या भावाने. पुतण्याने आपल्याकडचा नवा, तळहाताएवढा अ‍ॅम्प्लिफायर आणून जोडून दिला.

"काका, ऐका तर खरं. काचेसारखा स्वच्छ आवाज आहे."

स्वच्छ होता खरा. कॅसेटवर त्यांची लेक गात होती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. छातीच्या दुखण्याने गेली आणि मागे एवढी एक कॅसेट ठेवून गेली. काम आवरलं की नवराबायको ती ऐकत. शिंपी खुर्चीत, बायको जमिनीवर, स्पीकरला कान टेकून. हिला कमी ऐकू येतं असं शिंपी समजून चालला होता.

पुतण्या गेल्यावर शिंप्याने कॅसेट पहिल्यापासून लावली आणि त्याची सुई हातातच राहिली. ओळ संपली की एक बारीक शीळ येत होती. पुढची ओळ घ्यायच्या आधी पोरगी श्वास ओढत होती, आणि तो फाटक्या कापडातून वारा यावा तसा येत होता. त्याने कॅसेट पुन्हा लावली. शंकाच नको. गाणं कॅसेटवर भरलं तेव्हा पोरगी धडधाकट होती, हीच त्याची समजूत. दुखणं कळलं ते पुष्कळ नंतर, आणि तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, फार उशीर केलात.

म्हणजे ते तेव्हाच छातीत शिरलं होतं. वाल्वच्या मऊ आवाजाने ते इतकी वर्षं पोटात घातलं होतं.

बायकोच्या कानावर हे पडलं तर ती हाय खाईल. रविवारी ती परत येणार होती. शिंप्याने कॅसेट खिशात घातली आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरली.

"बोला मास्तर," मेकॅनिक म्हणाला.

"अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे. ट्रान्झिस्टरचा चालेल, माझ्या ऐपतीतला. पण आवाज वाल्वसारखा हवा. मऊ."

"मग नव्याच्या नादी लागूच नका. जुने ट्रान्झिस्टरवाले बघा, उचलताना कंबर धरेल असे. त्यांचा आवाज गोल असतो."

त्याने फळीवरचे एकेक खोके उतरवून जोडले. शिंपी दर वेळी तीच कॅसेट लावायला सांगे, ओळ संपेपर्यंत खाली बघत बसे आणि मग मान हलवी. नाही.

"अहो मास्तर, गाणं ऐकताय की चोर पकडताय? बाई गाते तेव्हा तुमचं लक्ष नाही, थांबली की कान टवकारता!"

शिंपी हसला नाही. मेकॅनिकनेही मग थट्टा आवरली.

शेवटचं खोकं तपकिरी होतं, एका कोपऱ्यात चेपलेलं. ओळ संपली. शीळ नाही. दुसरी संपली. नाही.

"हाच द्या."

"सांगून ठेवतो, हा वरचे सूर खातो. हे बटण उजवीकडे फिरवलं की जरा परत येतात."

"खाऊ दे. बटणाला हात लावायचा नाही."

धूड पाठीवर मारून त्याने घरी आणलं. कंबर धरली ती धरलीच.

बायको आली, काळा चष्मा लावून. दम खाल्ल्यावर म्हणाली, "लावा की तिला."

ती नेहमीसारखी स्पीकरला टेकली. शिंपी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. एक गाणं झालं. तिच्या कपाळावर आठी आली.

"अहो, हिचा दम कुठे गेला?"

"कसला दम?"

"ओळीओळीला लागायचा तो."

"जुन्यावर तर काही ऐकू येत नव्हतं," शिंपी म्हणाला.

"तुम्हाला. खुर्चीत बसून कसं येणार? अगदी पुसट यायचा, कान लावला की. म्हणून तर मी इथे बसते."

"तुला ठाऊक होतं? आधीपासून?"

"ती भरत होती तेव्हाच मी तुम्हाला म्हटलं, पोरीला धाप लागतेय. तुम्ही म्हणालात, जिना चढून आली असेल." आवाजात राग नव्हता. कालची भाजी काय होती ते सांगावं तसं तिने सांगितलं.

शिंप्याला आठवेना. जिना आठवला, पोरगी आठवली, तेव्हा अंगावर असलेला तिचा निळा झगाही आठवला, त्यानेच शिवलेला. आपले शब्द तेवढे आठवेनात.

"असू दे हा असाच," तो कसाबसा म्हणाला. "आवाज मऊ आहे."

"मऊ घेऊन काय करू? गाणं काय, कुणीही म्हणेल. तो श्वास तिचा आहे." तिने चाचपत खोक्यावर हात फिरवला. "हे बटण कशाचं?"

तिने ते उजवीकडे फिरवलं, पार शेवटपर्यंत. ओळ संपली आणि ती बारीक शीळ खोलीभर आली.

"हं," बायको म्हणाली आणि तिने स्पीकरला कान लावला.

शिंपी उठून मशीनवर जाऊन बसला. पायडलवर पाय ठेवला. मशीन चालवलं असतं तर आवाज बुडाला असता. पाय तसाच राहिला.