इंजिनबाबांकडचा मुक्काम

पत्र्याच्या शेडपुढे गर्दी श्वास रोखून उभी होती. इंजिनबाबांनी जनरेटरला कान लावला, मान डोलावली, पितळी गडव्यातली ‘संजीवनी’ टाकीत ओतली आणि दोरी ओढली. फट्, फट्, फटफटफट! कित्येक महिने मुकं पडलेलं इंजिन धूर सोडत बोलू लागलं. लोकांनी हात जोडले. ज्यांनी सख्ख्या भावाची कधी विचारपूस केली नव्हती, तेही इंजिनाच्या तब्येतीची चौकशी करू लागले.

“यंत्रालाही जीव असतो, लेकरांनो,” बाबा म्हणाले. “काम संपलं की त्याला झोप लागते. झोपवाल तेव्हा पोटभर जेवू घालून झोपवा. टाकी काठोकाठ भरा! उपाशी झोपवलंत तर रुसेल. मधेच उठवू नका. आणि उठेनासं झालं की माझ्याकडे मुक्कामाला आणा.”

मुक्काम म्हणजे एक रात्र. शेडचं दार बंद, आत फक्त बाबा आणि यंत्र. आजच्या आज कुणाचंच इंजिन उठत नसे. त्याला मन मोकळं करायला म्हणे रात्र लागते.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना यात काहीतरी काळंबेरं दिसत होतं, पण हिशेब जुळत नव्हता. बाबांना लबाड म्हणावं, तर इंजिन खरोखर सुरू होत होतं. फळ्यावर इंजिनाची आकृती बाई डोळे मिटून काढत. खऱ्या इंजिनाचा मात्र एक नटही त्यांनी कधी सोडला नव्हता. त्यांच्या आईनं बाबांचं ऐकून घरचा जनरेटर टाकी भरून जिन्याखाली ‘झोपवला’, तेव्हा त्या नुसतं “बरं” म्हणाल्या. आईशी वाद घालण्यापेक्षा बरं म्हणणं स्वस्त पडतं, असा त्यांचा अनुभव.

एका दुपारी ते महागात पडलं. वीज गेली आणि अप्पांचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं. अप्पा म्हणजे बाईंचे वडील; ते त्या यंत्राच्याच भरवशावर दिवस काढत होते. राखीव सिलिंडर लावला, तर त्याचा काटा अर्ध्याच्याही खाली. जनरेटरची दोरी ओढून ओढून बाईंच्या तळव्याला फोड आला. इंजिन साधं खोकलंसुद्धा नाही. अॅम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, “पूल बंद आहे, वळसा घालून येतोय.” दुरुस्तीचं दुकान गाठावं, तर बाबांची भरभराट झाल्यापासून दुरुस्तीवाल्यानं ते बंदच करून टाकलेलं.

“बाबांकडे ने,” आई रडत म्हणाली. “मी अप्पांपाशी बसते. तू जा!”

शेजाऱ्याच्या हातगाडीवर जनरेटर घालून बाई शेडपाशी पोचल्या. गर्दी होतीच.

“ठेव इथं, पोरी. उद्या उठेल,” बाबा म्हणाले.

“उद्या नको, बाबा, आत्ता! अप्पांना श्वास पुरत नाहीये.”

“करा ना, बाबा!” गर्दीतून आवाज उठले. “तुम्हाला काय अवघड आहे?”

बाबांनी भरल्या टाकीत मावेल तेवढी संजीवनी ओतली, मंत्र पुटपुटला, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. त्यांच्या कपाळावर घाम आला. बाईंनी त्या चेहऱ्याकडे पहिल्यांदाच जवळून पाहिलं. अवजारं हाताशी असून ती उचलायची सोय नसलेल्या कारागिराचा चेहरा होता तो.

त्या वाकून हळूच म्हणाल्या, “रात्री जे करता, ते आत्ता करा.”

बाबांनी मान वर न करता सांगितलं, “आधी माणसं घालव.”

आता बघा, बाई वर्षभर ज्या घडीची वाट पाहत होत्या, ती आयती चालून आली होती. लख्ख उजेड, अंगणभर साक्षीदार, घामाघूम बाबा. ‘करायचं ते सगळ्यांसमोर करा’ एवढंच म्हणायचं होतं. पण हा माणूस अडून बसला, तर सिलिंडरचा काटा काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

बाई वळल्या. “मागे व्हा सगळे! बाबांना एकांत हवाय!” त्या स्वतःच्या तोंडानं ओरडल्या, आणि शेडचं दार त्यांनी स्वतःच्या हातानं लावलं.

आत बाबांनी आसनाखालून पाना काढला. कार्बोरेटरच्या खालची छोटी वाटी सोडली. तळाशी पिवळट, चिकट थर बसला होता. आंबूस वास सुटला.

“हे काय?”

“शिळं पेट्रोल. पडून राहिलं की त्याचा असा डिंक होतो. हे बारीक भोक बघ, इंजिनाला पेट्रोल इथून मिळतं. तेच बुजतं.” बाबांनी तारेनं भोक मोकळं केलं, वाटी पुसली, टाकीतलं सगळं डब्यात उपसलं आणि ताजं पेट्रोल ओतलं. वास ओळखीचा होता. संजीवनी म्हणजे तेच.

“म्हणजे टाकी भरून ठेवा, मधे उठवू नका, असं तुम्ही सांगता ते...”

“त्याशिवाय बिघडणार कसं?” बाबा वाटी बसवत म्हणाले. “आधी गॅरेजात हेच करायचो. लोक घासाघीस करायचे, वर शिव्या घालायचे. आता पाया पडतात. पाना धर.”

दुसऱ्याच ओढीला इंजिन धडधडू लागलं. बाहेर एकच जल्लोष झाला. मुक्कामाशिवाय उठवलं!

बाईंनी दार उघडलं आणि वाटी, डिंक, तार, ताजं पेट्रोल, सगळं धडाधड सांगून टाकलं.

“अहो बाई, त्यांनी तुमच्या वडलांसाठी जिवाचं रान केलं आणि तुम्ही हे बोलता?” पेपरवाला म्हणाला.

“तार होती, तर दाखवायची होती,” शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या. “दार तुम्हीच लावलंत ना?”

बाईंनी आसनाकडे बोट दाखवलं. बाबा आसनावर डोळे मिटून बसले होते, आणि आसनाखाली हात घालायची कुणाची छाती नव्हती.

घरी अंगणात जनरेटर लागला, आतलं यंत्र गुरगुरू लागलं. अॅम्ब्युलन्स अजून वळशातच होती. अप्पांच्या ओठांचा निळेपणा हळूहळू उतरला. आईचा हात धरून बाई म्हणाल्या, “यापुढे काम झालं की टाकी रिकामी करायची. आत उरलेलं पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. आणि महिन्यातून एकदा ताजं घालून चालवून बघायचं. बस, एवढंच.”

“बाबांना विचारते,” आई म्हणाली.

जरूर विचारावं. पण जो दार बंद करून बरं करतो, त्याला आधी दार उघडं ठेवायला सांगावं. आणि हे सांगायला, मंडळी, आजच जा, घरात सगळ्यांचा श्वास नीट चालू असताना. तो अडकल्यावर दार तुम्हीच लावाल.