घशातला ण

 पाचूबंदरच्या कोळीवाड्यात आपल्या अंगणात बसून हिराबाय पाटीतला एकेक ओला बोंबील उचलून त्याचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवी, आणि ती जोडी समोरच्या वलांडीवर, बांबूंमध्ये ताणलेल्या दोरीवर, टांगून देई. खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यावर त्या चंदेरी रांगा हलत होत्या. ऑगस्टीन ओट्याच्या कडेला बसला होता, पायांत अजून पलटणीचेच बूट. ब्रह्मदेशातून तो परतला त्याला दोन महिने होऊन गेले होते. त्याच्या होळी गावाहून पाचूबंदर ते कितीसं लांब! पण या अंगणात पाय ठेवायला त्याला आजचा दिवस उजाडावा लागला.

सांगायचं म्हणूनच तो आला होता. निम्म्या वाटेपर्यंत शब्दही तयार होते.

"चा घेशील?" हिराबायनं शेवटी विचारलं.

"नको, मावशी."

"तुज्या आयेनं परवा वाडीतली केली दिली. गोड हुती."

 हिराबायची मासळीची टोपली होळीच्या बाजारात रिकामी होई आणि ऑगस्टीनच्या आईच्या वाडीतली केळी, भाजी भरून परत येई. या देवघेवीतच दोघींची पोरं वाढली होती, एकाच दिवशी भरती झाली होती. एकच परतलं होतं.

हातातला बोंबील तसाच धरून तिनं विचारलं, "माज्या काशीरामला शेवटी पानी भेटलं का रं?"

प्रश्न साधाच होता. मरणाऱ्याच्या तोंडात पाण्याचा थेंब पडावा, एवढंच कुठलीही आई मागते. पण 'पानी' हा शब्द ऐकला आणि ऑगस्टीनच्या डोळ्यांपुढून अंगण पुसलं गेलं. उरलं ते धुकं.

आराकानच्या रानात हिवाळ्यात सकाळ उजाडत नसे, नुसती पांढरी होत असे. बांबूंची बेटं इतकी दाट, की शेजारच्या खंदकातला माणूस खोकला तरच तो जिवंत आहे हे कळे. त्या रानात डोळ्यांना काम नव्हतं. कानच पहारा देत. आणि जपान्यांना हे ठाऊक होतं. ते धुक्याआडून हाका मारत. "जॉनी, पानी दो," अशी कण्हती हाक एकदा आली, आणि पुढच्या तुकडीतला एक कोवळा पोरगा बाटली घेऊन धावला. तो परत आलाच नाही.

त्यानंतर हवालदार शेडग्यांनी आपली युक्ती काढली. साहेबाचे परवलीचे इंग्रजी शब्द रोज बदलत आणि कुणाच्याच लक्षात राहत नसत. शेडगे साताऱ्याकडचे, अक्कल खणखणीत. ते म्हणाले, "आपला शब्द एकच. पाणी. जपान्याच्या बापालाही 'ण' जमायचा नाही. 'पाणी' म्हणेल तो आपला. 'पानी' म्हणेल त्याला गोळी."

सगळे हसले. काशीराम हसला नाही.

"का रे कोळ्या," शेडगे म्हणाले, "तुमच्या गावात 'ण' जाळ्यात गावत नाही काय?"

"गावतो, हवालदारसाब. पन लई काट्याचा मासा. घशात अडकतो."

मग शेडगेसुद्धा पोट धरून हसले होते.

खरं तर ऑगस्टीनच्या घरीही 'पानी'च होतं. पण त्याला शाळेतल्या मास्तरांनी 'ण' पट्टीच्या माराने शिकवला होता, आणि तोच तो आता खंदकात बसून काशीरामला शिकवू लागला. जिभेचं टोक मागं वळव, टाळूला टेकव, आता सोड. लोणी, वेणी, पाणी. काशीराम मन लावून म्हणे, आणि विचार करून म्हटलं की अगदी बरोबर म्हणे. घाईत मात्र त्याची जीभ आपल्या आईच्या घरी पळून जाई.

त्या सकाळी नाल्यावरून पाणी आणायची पाळी काशीरामची होती. सगळ्यांच्या बाटल्या गळ्यात अडकवून तो डावीकडून गेला. परत येताना धुक्यात त्याची दिशा चुकली असावी; कारण पाचोळा वाजला तो उजवीकडे, आदल्या दिवशी जिथून जपानी आले होते तिथे.

"कोण?" शेडगे ओरडले.

"पानी," धुकं म्हणालं.

ऑगस्टीननं शेडग्यांचा दंड धरला. "हवालदार, तो काशीराम आहे."

"काशीराम डावीकडनं येईल. आणि त्याला 'पाणी' येतं, तूच शिकवलंस. गप बस." आणि पुन्हा मोठ्यानं, "कोण आहे? बोल!"

 मग "पा…" एवढंच आलं, आणि त्यापुढे एक अवघडलेला विराम. कुणीतरी तिथे, रानाच्या पांढऱ्या पोटात, जिभेचं टोक मागं वळवत होतं. शत्रू असा अडखळत नाही, अडखळतो तो शिकणारा. ऑगस्टीनला हे त्या क्षणी कळलं होतं. पण कळणं आणि ओरडणं यांच्यामध्ये शेडग्यांचा हुकूम आला. साऱ्या खंदकानं बार काढले, आणि हुकूम ऐकून चाप ओढायला शिकलेलं त्याचं बोटही वळलं. नळी वर होती की समोर, हे त्याला तेव्हाही माहीत नव्हतं आणि नंतर कितीदा आठवूनही उमगलं नाही.

धुकं विरल्यावर शेडगे स्वतः पुढे गेले. परतले तेव्हा त्यांच्या गळ्यात बाटल्या होत्या. कुणीही त्या हातात घेईना. पुढे पलटणीनं त्या दिवसाचा उच्चार कधी केला नाही. सरकारी तारेत "लढाईत कामी आला" एवढंच होतं, आणि तेही कसं खोटं म्हणावं?

"आरं, मी काय इचारते?" हिराबाय म्हणाली.

"पाणी त्याच्याजवळच होतं, मावशी," ऑगस्टीन म्हणाला. इतकं तरी खरं सांगता आलं, म्हणून त्याचा आवाज थोडा स्थिरावला. "आम्हा सगळ्यांसाठी नाल्यावरून भरून आणत होता. भरपूर होतं."

"म्हंजे तान्हेला गेला नाय."

"नाही."

तिनं मनगटानं डोळे पुसले. बोटांना मासळीचा ओलावा होता. कित्येक महिने आत घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी तिच्या खांद्यांतून उतरलं. ते पाहून ऑगस्टीनला वाटलं, आणखी थोडं द्यावं. देता येण्याजोगं आणखी काही आहे का, हे तो घाईनं शोधू लागला.

"हाल झाले नाहीत त्याचे. छातीत लागली. कण्हलासुद्धा नाही."

"देवाची किरपा." तिनं नवा बोंबील उचलला. जबडा उघडला. मग तो तसाच धरून ती थांबली.

"पानी घेऊन परत येत हुता म्हन्तोस."

"हो."

"तुमच्याकडं."

"आमच्याकडेच."

हिराबायनं मान वर केली. तिच्या नजरेत राग नव्हता. होडी किनाऱ्याला येताना तिच्यात माणसं किती आहेत हे लांबून मोजणाऱ्या बाईची ती नजर होती.

"मंग तोंड तुमच्याकडं हुतं त्याचं," ती सावकाश म्हणाली. "समोर तुमीच हुते. छातीत लागली ती गोली कुनाची रं, बाला?"

ऑगस्टीन उठला. वाटेत तयार केलेले शब्द त्यानं तोंडाशी आणले. ते सगळे शुद्ध होते, 'ण'सकट, आणि त्यांतला एकही या अंगणात उच्चारण्याजोगा नव्हता. बोंबलांच्या रांगांमधून वाकून तो बाहेर पडला आणि मागे न पाहता होळीच्या रस्त्याला लागला.