ऑर्फाबाईंनी माफ केलं तरी

माझी वहिनी नेड्रा शाळेची पिवळी बस चालवायची. पूर्व केंटकीतल्या आमच्या डोंगरातल्या वळणांवर बस चालवणं हे काही सोपं काम नाही. बर्फात, धुक्यात वीसेक वर्षं तिने पोरं सुखरूप नेली-आणली. बसचा विमा शाळा भरायची. घरच्या गाडीचा मात्र त्या हिवाळ्यात संपला होता. माझा मोठा भाऊ डॉर्सी तेव्हा नुकताच डायालिसिसवर गेला होता. औषधं थांबवता येत नव्हती, म्हणून विमा थांबला.

त्यातच एका रविवारी चर्चला जाताना पुलावरच्या बर्फावर वहिनीची गाडी घसरली आणि समोरून येणाऱ्या ऑर्फाबाईंच्या गाडीवर आदळली. ऑर्फाबाई आमच्याच चर्चमधल्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. वहिनीला खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच तिच्या मनाला फार लागलं.

ऑर्फाबाईंच्या विमा कंपनीने दवाखान्याचं बिल भरलं आणि ते वसूल करायला वहिनीवर दावा लावला. समन्स आलं तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, कोर्टात जाऊन उभी तरी राहा."

"उभी राहून काय सांगू? चूक माझीच होती ना."

ती गेली नाही. निकाल एकतर्फी लागला. घर विकूनही फिटणार नाही एवढी रक्कम, आणि आमच्याकडच्या कायद्याप्रमाणे ती फिटेपर्यंत लायसन्स रद्द. लायसन्स गेलं तशी बसही गेली. शाळेच्या साहेबांनी चार चांगले शब्द बोलून किल्ली मागून घेतली.

मग मी तिला ऑर्फाबाईंकडे घेऊन गेले. त्या वॉकर धरून दारात आल्या.

"आत या गं, थंडी आहे."

वहिनी खुर्चीच्या कडेला टेकली. "तुम्ही लिहून दिलंत, की माझ्याकडून तुम्हाला काही नको, तर..."

"मी तुला दवाखान्यात पडल्या पडल्याच माफ केलं होतं. सांग, सही कुठे करू?"

त्यांनी खरंच लिहून दिलं. वकिलाने ते वाचलं आणि परत वहिनीच्या हातात ठेवलं. "पैसे आता बाईंचे नाहीत, कंपनीचे आहेत. माफ करायचे तर कंपनीने करायचे."

कंपनीच्या फोनवरची मुलगी गोड बोलली. हप्ते बांधून घ्या, म्हणाली, मग लायसन्स परत मिळेल. पण हप्त्यासाठी नोकरी हवी, आणि आमच्या डोंगरात नोकरीला जायचं तर गाडी चालवायला आधी लायसन्स हवं. हे वहिनीने तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला समजतंय हो," आणि तिने फोन ठेवला.

डायालिसिस आठवड्यातून तीनदा, तेही डोंगर उतरून पाऊण तासावर. मंगळवारी आणि शनिवारी मी डॉर्सीला न्यायचे. गुरुवारी मला किराणा दुकानातून सुटी मिळत नसे. त्या दिवसासाठी सरकारी गाडी सांगून ठेवलेली असायची. ती कधी यायची, कधी नाही. एका गुरुवारी ती आली नाही. डॉर्सीचे पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. वहिनीने घरच्या गाडीची किल्ली घेतली.

शहराच्या वेशीवर शेरीफच्या माणसाने त्यांना थांबवलं. मागचा एक दिवा लागत नव्हता. तो ब्रेंट होता, लहानपणी वहिनीच्याच बसने शाळेत जाणारा.

"नेड्राबाई, कुठे निघालात?"

"याला घेऊन. दिसतंय ना तुला."

लायसन्स तपासल्यावर तो बराच वेळ आपल्या गाडीतच बसून राहिला. मग येऊन म्हणाला, "मला चलान लिहावं लागेल. गाडी इथेच ठेवा. तुम्हा दोघांना मी सोडतो."

"लिही बाबा. तुझा काय दोष."

डॉर्सी जाळीमागच्या सीटवर बसला. "जन्मात पहिल्यांदा पोलिसांच्या गाडीत बसतोय, आणि तेही मूत्रपिंडापायी," तो म्हणाला.

कोर्टाने दंड केला, लायसन्सची बंदी आणखी वाढवली, आणि पुढच्या खेपेला तुरुंग, असं बजावलं.

त्यानंतर डॉर्सीनेच विषय काढला. डायालिसिस केंद्राला लागूनच म्हाताऱ्या-आजाऱ्यांना ठेवून घेणारी एक संस्था होती. "मला तिथे ठेवा."

"माझ्यामुळे घर सोडतोयस," वहिनी म्हणाली.

"मूत्रपिंडामुळे सोडतोय. तू उगाच मान घेऊ नकोस."

वसंतात तो तिथे गेला. वहिनी डोंगरावर एकटी राहिली. दर रविवारी मी तिला घेऊन जायचे. ती त्याच्यासाठी मीठ न घातलेला मक्याचा ब्रेड न्यायची. तो दोन घास खायचा आणि बाकीचा शेजारच्या म्हाताऱ्याला द्यायचा.

पानगळीत एका सकाळी संस्थेतून वहिनीला फोन आला, लगेच या. तिने दुकानात फोन केला. मी गल्ला दुसरीच्या हवाली करून निघाले, आधी उलटं डोंगरावर, मग तिला घेऊन खाली. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. नर्स म्हणाली, "तुमची वाट बघत होते."

वहिनीने चादर खाली केली, त्याचे केस नीट केले, आणि तिथेच बसून राहिली.

परतताना ती माझ्या शेजारच्या सीटवर होती. त्या पुलाजवळ आलो तेव्हा म्हणाली, "इथे हळू घे."